सुपर बोलच्या पलीकडचा फुटबॉल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर फेब्रुवारीत आपल्या क्रीडा पानावर सुपर बोलची, म्हणजे अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याची, बातमी येते. जाहिरातींचे आकडे, मध्यंतरातल्या गाण्यांचा थाट आणि शेवटी दोन ओळींत निकाल. अमेरिकी फुटबॉल म्हणजे एवढाच, असं वाचकांना वाटत असेल तर ते मला फार लागतं. हा खेळ जिवापाड जपणारी माणसं इथल्या छोट्या गावांत आहेत.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता ओहायोतल्या मॅसिलनमध्ये स्थायिक. सुमारे बत्तीस हजार वस्तीचं हे जुनं पोलादाचं गाव. इथल्या हायस्कूल संघाचं पॉल ब्राउन टायगर स्टेडियम १९३९ मध्ये उभं राहिलं, आणि त्यात सोळा हजारांवर माणसं बसतात! गावात मुलगा जन्मला की हॉस्पिटलातच त्याच्या पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवायची रीत होती. शेजारच्या कँटन गावातल्या मॅकिन्ले हायस्कूलशी या संघाची चुरस १८९४ पासूनची. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींचा (आपल्याकडच्या फुटबॉलचा) सामना पाहिलेल्या माणसाला हे वेड समजावून सांगावं लागत नाही.

सकाळी नाश्त्याला जमणारी इथली म्हातारी मंडळी अजून संघाचे जुने प्रशिक्षक पॉल ब्राउन यांच्या गोष्टी सांगतात. १९३२ ते १९४० या काळात त्यांच्या हाताखाली संघानं ८० सामने जिंकले, फक्त ८ हरले, २ बरोबरीत सुटले. पुढे क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघाला त्यांचंच नाव मिळालं, पण गावाच्या लेखी ते आधी मॅसिलनचे. गावच्या संग्रहालयात त्यांच्यासाठी वेगळा विभागही आहे.

पूर्वी राज्यविजेता मतदानानं ठरायचा. १९७२ मध्ये बाद फेरीची पद्धत आली आणि तेव्हापासून मॅसिलनला विजेतेपदानं हुलकावणी दिली. २०१८, २०१९, २०२० अशी सलग तीन वर्षं अंतिम सामन्यात हार. अखेर २०२३ मध्ये होबन संघाला ७-२ असं हरवून ते मिळालं, तेही कँटनच्या मैदानावर! १९७० चा विजेता संघ पाहिलेले माझ्या ओळखीचे एक गृहस्थ त्या रात्री लहान मुलासारखे रडले. त्यांच्या वडिलांना हा दिवस बघायचा होता, हे ते पुन्हापुन्हा सांगत होते.

याच परगण्यातल्या अलायन्स गावात माउंट युनियन हे छोटं कॉलेज आहे. कॉलेजांच्या क्रीडास्पर्धांत ते तिसऱ्या श्रेणीत खेळतं, त्यामुळे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. तिथं प्रशिक्षक लॅरी केरेस यांनी १९८६ ते २०१२ या काळात ३३२ सामने जिंकून दिले, ११ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. दूरदर्शनवर झळकण्याची आशा फारशी नसताना पोरं इथं जीव तोडून खेळतात आणि गाव त्यांची नावं वर्षानुवर्षं विसरत नाही.

अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं अशाच शाळांच्या बँडमध्ये सामन्यांना वाजवतात. त्यांचे आई-बाबा आपले वाचक आहेत. म्हणून विनंती, की मोसमाअखेरच्या मॅसिलन-मॅकिन्ले सामन्याला यंदा क्रीडा पानावर जागा द्यावी. आणि कोल्हापुरात शाळेकडून, कॉलेजकडून, तालमीकडून खेळलेल्या जुन्या खेळाडूंच्या आठवणींचं साप्ताहिक सदर सुरू करावं. ती माणसं आता थकली आहेत, तेव्हा याच मोसमात सुरुवात व्हावी.

आपला,
एक वाचक, मॅसिलन (ओहायो)