ओटिस मॅक्डोनल्ड यांचीही ओळख असावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की आपल्या वर्तमानपत्रांत तिथल्या 'बंदूक लॉबी'वर लेख येतात. ते यायलाच हवेत. शिकागोच्या उपनगरात बरीच वर्षं राहिल्याने त्या बातम्यांतलं दुःख मला दूरचं वाटत नाही. पण या लेखांत घरात बंदूक ठेवण्याचा हक्क मागणारा माणूस बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो: गोरा, पैसेवाला, हट्टी. हाच हक्क मागत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात शिकागो शहराविरुद्ध जिंकलेले आणि ४ एप्रिल २०१४ रोजी वारलेले ओटिस मॅक्डोनल्ड त्या साच्यात कुठेच बसत नाहीत, आणि त्यांच्याविषयी मराठीत काही वाचल्याचं मला आठवत नाही. म्हणून हे पत्र.

मॅक्डोनल्ड १९३३ साली लुईझियानात जन्मले. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणारं गरीब कृष्णवर्णीय कुटुंब. सतराव्या वर्षी ते शिकागोला आले. पुढे सैन्यात नोकरी केली, मग शिकागो विद्यापीठात सफाई कामगार म्हणून लागले आणि तिथेच वर चढत देखभाल विभागात इंजिनिअर झाले. शहराच्या दक्षिण भागातल्या मॉर्गन पार्कमध्ये त्यांनी घर घेतलं, मुलंबाळं वाढवली. म्हातारपणी तीच वस्ती ड्रग्ज विकणाऱ्या टोळ्यांनी ग्रासली. घरात चोऱ्या झाल्या. पोलिसांच्या बरोबरीने वस्ती सुधारायला निघालेल्या या माणसाला ड्रग्ज विकणाऱ्यांनी धमक्या दिल्या, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच आहे.

त्यांना स्वतःच्या घरात एक पिस्तूल हवं होतं. शिकारीच्या लांब नळीच्या बंदुका त्यांच्याकडे रीतसर होत्या. पण अंधारात, अचानक, ऐंशीकडे झुकलेल्या माणसाला त्या कितपत हाताळता येणार? शिकागोत १९८२ पासून नियम असा होता की नोंदणीशिवाय पिस्तूल ठेवायचं नाही आणि नवी नोंदणी करायची नाही. त्याआधी ज्यांनी नोंदवून घेतलं त्यांचं पिस्तूल कायदेशीर राहिलं, बाकीच्यांना दार बंद. ज्यांच्यासाठी हा नियम केला ते टोळीवाले नोंदणीला जात नव्हतेच. अडला तो कायदा पाळणारा म्हातारा.

२००८ साली थेट केंद्राच्या अखत्यारीतल्या वॉशिंग्टन शहरातल्या अशाच बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि त्याच दिवशी मॅक्डोनल्ड व आणखी तिघांनी शिकागोविरुद्ध दावा दाखल केला. प्रश्न असा होता की दुसऱ्या घटनादुरुस्तीतला शस्त्र बाळगण्याचा हक्क फक्त केंद्र सरकारला बांधतो, की राज्यांना आणि शहरांनाही? २८ जून २०१० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला.

मला सांगायचंय ते या निकालाच्या पोटातल्या इतिहासाविषयी. गुलामगिरी संपल्यावर १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने कायदा केला की मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाने परवान्याशिवाय कसलंही शस्त्र बाळगू नये. परवाना देणारे अर्थात गोरे. अशा कायद्यांना आवर घालणं हा १८६८ च्या चौदाव्या, म्हणजे राज्यांनाही नागरिकांचे हक्क पाळायला लावणाऱ्या, घटनादुरुस्तीमागचा एक हेतू होता. तरी १८७३ मध्ये मॅक्डोनल्ड यांच्याच लुईझियानात, कोलफॅक्स गावी, ईस्टरच्या दिवशी गोऱ्या जमावाने कितीतरी कृष्णवर्णीयांना ठार मारलं. अनेकांना तर शरण आल्यावर मारलं. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात १८७६ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की दुसरी घटनादुरुस्ती फक्त केंद्राला लागू आहे. न्यायमूर्ती थॉमस यांनी २०१० च्या आपल्या स्वतंत्र मतात हा सगळा इतिहास मांडला आहे. १३४ वर्षांनी तो अडसर दूर झाला, आणि ज्याच्या नावाने दूर झाला तो त्याच राज्यातल्या, वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबातला मुलगा होता. हे मला फार मोठं वाटतं.

शस्त्र कोणाला मिळावं हे ठरवण्याचा अधिकार कसा वापरला जातो, हे आपल्यालाही ठाऊक आहे. व्हाइसरॉय लिटनच्या काळातल्या १८७८ च्या शस्त्र कायद्यात हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनाला सूट होती. त्याविरुद्ध काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांतच आवाज उठवला होता. ४ एप्रिल ही मार्टिन ल्यूथर किंग यांचीही पुण्यतिथी. १९५६ मध्ये त्यांच्या माँटगोमेरीतल्या घरावर बॉम्ब टाकला गेला, त्यानंतर त्यांनी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला. किंग यांनी पुढे घरात शस्त्र ठेवणं सोडलं. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. अर्ज नाकारणाऱ्या अधिकाऱ्यांना मात्र त्यांच्या अहिंसेची काळजी नव्हती.

मी स्वतः बंदूक बाळगत नाही, बाळगणारही नाही. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी विरोधी मत देताना बंदुकांनी जाणाऱ्या जिवांकडे लक्ष वेधलं, तेही मला पटतं. पण निकालाने सगळी बंधनं उठवली, हा समज चुकीचा आहे. गुन्हेगार आणि मनोरुग्ण यांच्यावरची बंदी, शाळा व सरकारी इमारतींतली मनाई यांना धक्का लागत नाही, असं मुख्य निकालपत्रातच लिहिलं आहे. मॅक्डोनल्ड यांची मागणी आपल्या उंबरठ्याच्या आतली होती. जी माणसं आयुष्यभर कष्ट करून घर उभं करतात आणि वस्ती बिघडली तरी ते सोडून जात नाहीत, त्यांना घरात भयमुक्त झोपायचं असतं. म्हातारपणी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायला लागणारी हिंमत त्यांनी दाखवली, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकी घटनेवर अधूनमधून लेख येतात. येत्या २८ जूनच्या सुमारास या खटल्यावर आणि मॅक्डोनल्ड यांच्यावर एखाद्या जाणकाराकडून सविस्तर लिहून घ्यावं, ही विनंती. विरोधी मत देणाऱ्या चार न्यायमूर्तींचं म्हणणंही त्यात पूर्ण यावं.

आपला,
एक नियमित वाचक
नेपरविल, इलिनॉय