नंबरप्लेटच्या ठेक्यात तालुक्याचे अंतर कोण मोजणार?

महोदय,

1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवण्याचे काम राज्य शासनाने तीन विभाग पाडून खासगी ठेकेदारांकडे सोपवले आणि वाहनमालकांना मार्च 2025 अखेरची मुदत दिली. ती मुदत पुढे एप्रिल, जून, 15 ऑगस्ट, नोव्हेंबर आणि डिसेंबर 2025 अखेर अशी पाच वेळा वाढवावी लागली. दर वेळी बोट वाहनमालकाच्या उदासीनतेकडे दाखवले जाते. झरी जामणीसारख्या तालुक्यातून हे चित्र कसे दिसते, ते मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या गावाला लागून असलेल्या कोलाम आदिवासींच्या पोडावरील (वस्तीवरील) एका शेतकऱ्याकडे 2011 साली नोंदणी झालेली मोटारसायकल आहे. तिच्या दोन्ही नंबरप्लेट गावातल्या पेंटरने हाताने रंगवलेल्या असून खाली बारीक अक्षरात 'जय सेवा' लिहिलेले आहे. ऑनलाइन नोंदणी मी माझ्या मोबाइलवरून करून दिली. 450 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असे 531 रुपये आगाऊ भरले. सोयीचे केंद्र पन्नासेक किलोमीटरवर निघाले आणि तारीख मिळाली ती नेमकी कापसाच्या पहिल्या वेचणीत. मजूर शेतात सोडून तो माझ्यासोबत तिथे गेला. दोन तास थांबल्यावर काउंटरवरच्या मुलाने खोक्यातून एकच प्लेट काढली. मागची आली होती, पुढची यायची होती. "आली की फोन करू," एवढे बोलून त्याने मागची प्लेट स्नॅप लॉकने ठोकून दिली. हे लॉक एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाही. तेव्हा आज त्या गाडीला मागे अशोकचक्राचा होलोग्राम आहे आणि पुढे पेंटरचा पिवळा रंग. पावतीवर हेल्पलाइनचा क्रमांक आहे, पण तक्रार लेखी कोणाकडे करायची याचा उल्लेख नाही.

खासगीकरणाला माझा सरसकट विरोध नाही, हे इथेच सांगतो. क्रोमियमचा होलोग्राम, लेझरने कोरलेला कायमस्वरूपी क्रमांक, एकदाच वापरता येणारे लॉक ही कामे जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयाने करावीत, अशी अपेक्षा कोणीच करणार नाही. निवडक उत्पादकांनाच हे काम मिळेल अशा निविदा अटींना सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर 2004 मध्ये वैध ठरवले आहे. शिवाय पूर्वी सारे कसे सुरळीत होते, असा गळा काढण्यातही अर्थ नाही. गाडी नावावर करण्याचे फॉर्म 29 आणि 30 भरायला एजंट लागायचाच, आणि कोणत्या टपरीवर तो भेटेल हे चहावाल्यालाही ठाऊक असायचे.

पण त्या जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट होती, ती म्हणजे तालुक्याचा कॅम्प. ठरलेल्या तारखेला मोटार वाहन निरीक्षक विश्रामगृहावर येत, लायसन्स आणि पासिंगची कामे तिथेच होत आणि शंभर किलोमीटरच्या घरात असलेल्या यवतमाळची खेप वाचत असे. माणसापर्यंत जाण्याचा खर्च शासन स्वतःच्या डोक्यावर घेत होते. ठेक्यात तो खर्च वाहनमालकाच्या डोक्यावर आला, कारण ठेकेदाराला पैसे मिळतात ते प्लेटमागे, अंतरामागे नव्हे. त्यामुळे कोळसा खाणींमुळे वाहनांची गर्दी असलेल्या वणीसारख्या ठिकाणी त्याला धंदा दिसतो आणि पोडांच्या, जंगलकाठच्या गावांत दिसत नाही. यात ठेकेदाराला दोष तरी काय द्यायचा? अट शासनाने घालायची असते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे अधिसूचित सेवा वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. तेच काम ठेकेदाराच्या हाती गेल्यावर हलगर्जीची किंमत कोणी मोजायची आणि अपील कोणाकडे करायचे, हे परिवहन विभागाने जाहीरपणे सांगावे व पावतीवर छापावे. ग्रामपंचायतीतले आपले सरकार सेवा केंद्रही खासगी माणूसच चालवतो. पण ते गावात असते आणि दरफलक भिंतीवर असतो (कधीकधी कपाटाच्या मागे, हे खरे). अशा केंद्रातून नोंदणी आणि पंचायत समितीच्या आवारात आठवडी बाजाराच्या दिवशी प्लेट बसवण्याचे शिबिर, एवढी अट ठेक्यात घालणे अवघड नव्हते आणि आजही नाही. दोन्ही प्लेट हातात आल्याशिवाय वाहनमालकाला बोलावू नये, आणि बोलावून परत पाठवल्यास त्या खेपेचा खर्च ठेकेदाराच्या बिलातून कापावा. शिबिरात परिवहन कार्यालयाचा एक कर्मचारीही बसला पाहिजे, कारण आमच्याकडे तीन हात फिरलेल्या पण पहिल्याच मालकाच्या नावावर राहिलेल्या गाड्या कमी नाहीत आणि तो गुंता ठेकेदाराच्या मुलाकडून सुटणारा नाही.

पोडावरच्या त्या शेतकऱ्याला पुढच्या प्लेटसाठी अद्याप फोन आलेला नाही. त्याच्या शेतात कापसाची दुसरी वेचणी सुरू झाली आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. झरी जामणी, जि. यवतमाळ