चार दिवसांचं काम

मा. संपादक,

मागच्या रविवारी पुरवणीत परसाचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो छापलेत तुम्ही. छानच आहेत, पण मधले दिवस कोण छापणार? आमच्या इंदिरानगरच्या रो हाऊसमागे 12 बाय 18 ची जागा, तिथे कोबा आणि बसायला एक कट्टा, बास एवढंच करायचं होतं. मिस्त्री म्हणाले, 4 दिवस. आज 26वा दिवस आहे!

मिस्त्रींना नावं ठेवणार नाही मी. अमावस्येला काम बंद, बुधवारी बाजार म्हणून दुपारीच सुट्टी, आणि सिंहस्थाच्या कामांमुळे बिगारी मिळेना, हे सगळं मान्य. पण खरे दिवस खाल्ले ते आम्हीच. सकाळी आप्पा, म्हणजे सासरे, सांगणार ढाळ मागच्या गटाराकडे काढा, दहा वाजता ऑफिसातून ह्यांचा फोन की नको, बाजूला काढा, आणि दुपारी चहा देताना मी कट्ट्याची जागा बदलणार. कट्टा दोनदा बांधून दोनदा फोडला. शेवटी मिस्त्रींनी थापी खाली ठेवली, म्हणाले, "ताई, आधी मालक कोण ते ठरवा, मग बोलवा."

त्यावरून बाप-लेक दोन दिवस बोलले नाहीत, सासूबाई दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढत होत्या. मग त्यांनीच फर्मान काढलं, "मिस्त्रींशी फक्त मी बोलणार, बाकीच्यांनी काय ते रात्री जेवताना मला सांगायचं." दुसऱ्या दिवशी पाण्याची नळी लावून लेव्हल बघितली तर बाजूची कडाच उंच निघाली, म्हणजे आप्पांचं बरोबर होतं, तिकडे ढाळ काढला असता तर जुलैत सगळं पाणी स्वयंपाकघराच्या दारात आलं असतं. 12 फुटाला दीड इंच ढाळ दिला. हे काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी आप्पांसाठी कचोरी घेऊन आले.

आता घाई दिराला आहे, कारण कोबा दुसऱ्याच दिवशी कडक दिसतो ना. अहो पण सिमेंट नुसतं वाळून पक्कं होत नाही, त्याला पाणी प्यायला लागतं! फ्लाय अ‍ॅशवालं (कोळशाची राख मिसळलेल्या सिमेंटचं) पोतं असेल तर 10 दिवस तरी ओलं ठेवायचं आणि पूर्ण ताकद धरतात ती 28 दिवसांनी. ह्या उन्हात कोब्यावर अंथरलेलं ओलं गोणपाट तासाभरात कोरडं पडतं, म्हणून पाणी मारायच्या पाळ्या लावल्यात, त्यावरूनही रोज वाद आहेतच. (कढीपत्त्याभोवती मात्र माती मोकळी सोडलीय, त्यावर सगळ्यांचं एकमत झालं, हे नवलच.)

तर पुढच्या वेळी एखादा असा अर्धवट फोटोही छापा, गोणपाटासकट. आज पाणी मारायचा 8वा दिवस, दुपारची पाळी माझी आहे आणि आप्पा खिडकीतून बघतायत, तेव्हा थांबते.

एक वाचक, इंदिरानगर, नाशिक