जतिलुविहला गेलात तर नुसती खाचरे बघून परतू नका : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

स. न. वि. वि.

सिंचनाचा अभ्यासदौरा म्हटला की इस्रायल ठरलेले असते. पुढचा दौरा आखताना इंडोनेशियातल्या बाली बेटावरचे जतिलुविह हे खेडेही यादीत असावे, यासाठी हे पत्र. तिथे ठिबक नाही, स्वयंचलित दरवाजे नाहीत, फीत कापण्याजोगे धरणही नाही. पाणी वाटून घेण्याची एक जुनी रीत आहे, आणि ती रीत सरकारने बाजूला सारली तेव्हा काय झाले याची पक्की नोंद आहे. पाणी वापर संस्थांचे, म्हणजे कालव्याचे पाणी आपसांत वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थांचे घोंगडे आपल्याकडे सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या २००५ च्या कायद्यानंतरही भिजतच पडले आहे. त्यामुळे आपल्याला ती नोंद जास्त कामाची.

जतिलुविह तबानान जिल्ह्यातल्या पेनेबेल तालुक्यात आहे. देनपसार शहरापासून पन्नासेक किलोमीटर, समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, बटुकारू डोंगराच्या उतारावर. बटुकारू हा २,२७६ मीटर उंचीचा जुना ज्वालामुखी. माथ्यावरचे जंगल राखलेले, म्हणून झरे आणि ओढे बारमाही. जंगल संपले की भातखाचरे सुरू होतात ती पायऱ्यापायऱ्यांनी खाली तबानानच्या सखल भागापर्यंत जातात. हा जिल्हा बालीचे भाताचे कोठार समजला जातो. २०१२ साली युनेस्कोने बालीच्या सुबक पद्धतीला, म्हणजे पाणी वाटून घेण्याच्या त्या जुन्या रीतीला, जागतिक वारसा यादीत घेतले. त्या सुमारे १९,५०० हेक्टरांतला सगळ्यात मोठा तुकडा बटुकारूच्या पायथ्याचा, आणि जतिलुविह त्यातच येते. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेनेही त्याला उत्कृष्ट पर्यटन गावांत निवडले. साहजिकच बसगाड्या येतात, तिकीट लावलेले आहे, फोटोच्या जागा ठरलेल्या आहेत. शासकीय शिष्टमंडळ तिथेच थांबते आणि जेवून परतते, ही आमची भीती.

सुबक म्हणजे एका स्रोताच्या पाण्यावर भिजणाऱ्या खाचरांच्या शेतकऱ्यांची संस्था. तिची हद्द पाणी ठरवते, गावाची शीव नव्हे. एकाच शेतकऱ्याची खाचरे दोन ठिकाणी असतील तर तो दोन सुबकांचा सभासद होतो. बालीत अशा सुमारे १,२०० संस्था आहेत, एकेकीत ५० ते ४०० शेतकरी. ही रीत नवव्या शतकापासूनची मानली जाते. डोंगरातून पाण्याचे बोगदे खणणाऱ्या कारागिरांचा उल्लेख त्या काळच्या लेखांत मिळतो. जतिलुविहचा सुबक ३०० हेक्टरांच्या आसपास असून त्याचे सात भाग पाडले आहेत. अशा भागाला तेंपेक म्हणतात, आपल्या हिशेबाने एकेका चारीखालचे क्षेत्र. प्रमुख तो पेकासेह. त्याला सभासद निवडतात, खाते नेमत नाही. अविग-अविग या नावाची नियमावली असते, तीत चारीसफाईचे श्रमदान, न येणाऱ्याने भरायची रक्कम, पाणी चोरल्याचा दंड हे सगळे लिहिलेले असते. २०१२ च्या प्रांतिक कायद्याने सुबकला मान्यता दिली, पण नियम करायचा अधिकार सुबककडेच ठेवला.

आता तेंबुकू. दौऱ्यात एकच गोष्ट बघायला सवड असेल तर ही बघावी. तेंबुकू म्हणजे पाटात आडवा बसवलेला पाण्याचा विभाजक. पूर्वी तो नारळाच्या खोडाचा किंवा टणक लाकडाच्या ओंडक्याचा असे, आता बऱ्याच ठिकाणी सिमेंटचा आहे. ओंडक्याच्या वरच्या कडेला खाचा पाडलेल्या असतात. सगळ्या खाचांचा तळ एका पातळीत, रुंदी मात्र वाट्याप्रमाणे कमीजास्त. ज्या तेंपेकाला दोन वाटे त्याची खाच एक वाटा असलेल्याच्या दुप्पट रुंद. पाट भरून वाहिला तर सगळ्यांना जास्त, आटला तर सगळ्यांना त्याच प्रमाणात कमी. लिटर मोजावे लागत नाहीत, कोष्टक लागत नाही, किल्ली कोणाच्या खिशात राहत नाही. बांधावरून जाणाऱ्या कोणालाही आपले पाणी दिसते आणि शेजाऱ्याचेही.

दिसायला सोपे असले तरी ते बिघडते, आणि कसे बिघडते ते आपल्या अभियंत्यांनी नीट बघावे. ओंडका एका अंगाला अर्धा बोट खचला की त्या बाजूची खाच जास्त पाणी ओढते. विभाजकाच्या वरच्या अंगाला पाट काही अंतर सरळ आणि संथ असावा लागतो. वळणावरच विभाजक बसवला की बाहेरच्या खाचेला जास्त मिळते. खाचेतून पाणी मोकळे खाली पडले पाहिजे. खालची चारी तुंबून पाणी वर चढले की प्रमाण गेले. पालापाचोळा एका खाचेत अडकला किंवा कोणी रात्रीतून वर दगड सरकवला तरी तेच. म्हणून तेंबुकूची रोज फेरी लागते आणि ती ठरलेल्या माणसाकडे असते. शिवाय वाटा नुसत्या क्षेत्रावर बसवलेला नसतो. लांबच्या किंवा पाझर जास्त असलेल्या खाचरांना थोडी रुंद खाच देण्याची मुभा आहे, आणि कोणाला हंगामात जास्त गरज पडली तर तो शेजाऱ्याकडून पाणी उसने घेतो. प्रत्येक खाचराला स्वतःचे आवक-तोंड आणि स्वतःचे निचरा-तोंड, ही दुसरी अट. एकाच्या खाचरातून दुसऱ्याच्या खाचरात पाणी सोडायचे असेल तर पाण्याची वेळ एकाच्या मर्जीवर जाते आणि भांडण तिथूनच सुरू होते.

पण वरचा शेतकरी खाली पाणी सोडतो तरी का? आपल्या कालव्यांवर खरा प्रश्न हाच आहे. बालीतले उत्तर किडीत आहे. भात कापल्यावर मोठा टापू एकाच वेळी पडीक ठेवला, खाचरांत पाणी भरले, बदके सोडली, की तपकिरी तुडतुडे आणि उंदीर यांना खायला काही उरत नाही. हा टापू किडीच्या झेपेपेक्षा मोठा हवा. वरच्याने आपल्या सवडीने लावणी केली आणि खालच्याने तीन आठवड्यांनी, तर कीड एका शेतातून दुसऱ्यात जात वर्षभर जगते. म्हणजे खालच्याला भीती पाण्याची आणि वरच्याला किडीची. खालच्याने आपल्याबरोबरच लावणी करून आपल्याबरोबरच शेत रिकामे करावे, हे वरच्याच्या फायद्याचे असते, आणि त्यासाठी त्याला वेळेवर पाणी सोडावे लागते. दुसरीकडे सगळ्या खोऱ्याने एकाच आठवड्यात चिखलणी काढली तर नदी पुरत नाही. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि परिसंस्था-तज्ज्ञ जेम्स क्रेमर यांनी दोन नद्यांवरच्या १७२ सुबकांचे संगणकी प्रतिरूप करून हे तपासले. प्रत्येक सुबक आपापला चालला तर किडीने नुकसान, सगळे एकदम चालले तर पाणीटंचाईने. उत्पन्न सर्वांत चांगले आले ते मधल्या गटांत, आणि हे गट बऱ्याच अंशी पाण्याच्या देवळांना जोडलेल्या सुबकांच्या गटांसारखेच निघाले. त्या देवळांत लावणीची वेळ ठरते, कोण आधी, कोण मधे, कोण शेवटी. नैवेद्य असतात, विधी असतात, २१० दिवसांचे पंचांग असते. अधिकाऱ्यांनी त्याकडे सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून पाहू नये. कालव्याचे पाणी कधी सोडायचे ते ठरवणाऱ्या आपल्या कालवा सल्लागार समितीची बैठक तिथे देवळात भरते, एवढेच.

सत्तरच्या दशकात इंडोनेशिया सरकारने भाताच्या सधन कार्यक्रमात बुटक्या, लवकर येणाऱ्या जाती, खत आणि कीटकनाशक यांचे पॅकेज कर्जासह दिले. शेतकऱ्याने शक्य तितक्या वेळा भात घ्यावा, इतरांच्या वेळापत्रकाची वाट पाहू नये, असा आग्रह होता. पहिली काही पिके उत्तम आली. १९७४ च्या सुमारास क्षेत्रीय कर्मचारी पाणीवाटपातल्या गोंधळाचे आणि किडीच्या उद्रेकाचे अहवाल देऊ लागले. तपकिरी तुडतुड्याला दाद न देणारी आयआर-३६ जात आणली, तर हिरव्या तुडतुड्यांनी पसरवलेला टुंग्रो हा विषाणूरोग तिच्यावर आला. फवारणी वाढली तशा तुडतुड्यांना खाणाऱ्या मित्रकिडी मेल्या. शेवटी १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली. खताचीही तीच गत. ज्वालामुखीच्या खडकावरून येणारे पाणी पालाश आणि स्फुरद सोबतच आणते, वर टाकलेले खत बरेचसे ओढ्यांतून समुद्रात गेले.

आपल्या खात्याच्या जवळचा भाग पुढे आहे. १९७९ मध्ये आशियाई विकास बँकेच्या कर्जातून बाली सिंचन प्रकल्प सुरू झाला. जुने बंधारे सिमेंटचे झाले आणि विभाजकांच्या जागी रोमाइन पद्धतीचे वरखाली होणारे दरवाजे बसले. हे दरवाजे चांगले मापक आहेत, वाद नाही. पण ते चालवायला माणूस हवा, त्याला विसर्गाचे कोष्टक वाचता यायला हवे, आणि डोंगरी ओढ्याचे पाणी बदलेल तसे रोज प्रत्येक दरवाजा पुन्हा लावायला हवा. एक वरचा दरवाजा हलला की खालचे सगळे चुकतात. शेतकऱ्यांनी ते काढून टाकले किंवा कायमचे निरुपयोगी करून पुन्हा खाचांवर आले. मोजमापाचा दर्जा वाढला, पण प्रमाण बघणाऱ्याच्या डोळ्यांना दिसेनासे झाले, हे तिथले खरे दुखणे.

महोदय, सुबक जसाच्या तसा इथे आणा असे आमचे म्हणणे नाही. तिथे बारमाही ओढा आणि सगळीकडे भात, इथे धरण, आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) आणि ऊस. उसाच्या बाबतीत किडीचा तो धाक चालतच नाही. हेडच्या, म्हणजे कालव्याच्या वरच्या टोकाच्या, ऊसवाल्याला टेलच्या, म्हणजे खालच्या टोकाच्या, शेतकऱ्याची कसलीच गरज नसते, त्यामुळे पाणी खाली पोचण्याची हमी त्याच्या स्वार्थातून येणार नाही. ती मापातून आणि नियमातून यावी लागेल. आपल्याकडे ही अडचण पांझरा, मोसम खोऱ्यांतल्या फड पद्धतीने ओळखली होती. बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत वाटायचे, एका फडात एकच पीक, ऊस दरवर्षी वेगळ्या फडात, पाणी कमी असेल त्या वर्षी फडच कमी भिजवायचे. हवालदार, पाटकरी, जागल्या ही पाणी सोडणारी आणि राखण करणारी माणसे लाभधारकांची. २००५ च्या कायद्याने पाण्याच्या कोट्यात राहून हवे ते पीक घेण्याची मुभा दिली, ती योग्यच होती, पण कोटा मोजलाच गेला नाही तर नुसती मुभा उरते. जिथे मोजला गेला आणि व्यवस्था खरोखर शेतकऱ्यांकडे गेली, तिथे काय होते ते दिंडोरीच्या वाघाड प्रकल्पावर दिसते.

म्हणून मागणे थोडके आहे. लहान वितरिकांवर, जिथे दोन-तीन पाणी वापर संस्था एका पाण्यावर आहेत, तिथे दरवाज्यांऐवजी स्थिर प्रमाणबद्ध विभाजक बसवून बघावेत. खर्च किरकोळ आहे. पातळी, वरचा सरळ पाट आणि खालची मोकळी पडण या तीन गोष्टींवर मात्र शाखा अभियंत्याने तडजोड करू नये. आता बंदिस्त नलिका येत आहेत, आणि नळीत पाणी दिसतच नाही. तिथे प्रत्येक तोंडावरचे मीटर-वाचन आवर्तन चालू असतानाच दोन्ही टोकांच्या शेतकऱ्यांना कळले पाहिजे, हंगाम संपल्यावर नव्हे. आणि कालवा सल्लागार समितीची बैठक लागवडीच्या आधी व्हावी, टेलच्या संस्थांना आधी बोलू देऊन.

जतिलुविहमध्ये सगळे आलबेल आहे असेही नाही. शेती करणारी माणसे वयस्क होत आहेत, तरुण हॉटेलांकडे वळतात. खाचरे बघायला येणाऱ्यांसाठी खाचरांच्या कडेलाच बांधकामे उभी राहतात, आणि वरच्या अंगाचे एक खाचर बुजले की त्याची चारी आणि निचरा दोन्ही खालच्यांच्या गळ्यात पडतात. तिकिटाच्या उत्पन्नात सुबकचा वाटा आहे, पण जमिनीला येणाऱ्या भावापुढे भाताचे उत्पन्न टिकणे कठीण. पेकासेहांना हे जरूर विचारावे.

दौऱ्याची वेळ नीट धरावी. जतिलुविहचा लाल तांदूळ ही स्थानिक, उंच वाढणारी जात. ती जानेवारीत लागते आणि जुलैच्या सुमारास निघते. त्यानंतर लवकर येणाऱ्या जातीचा दुसरा हंगाम. हिरवेगार फोटो मार्च-एप्रिलात मिळतील. पाणीवाटप बघायचे असेल तर डिसेंबर-जानेवारीत, चिखलणीच्या तोंडावर जावे. पाण्याची सर्वांत जास्त ओढ तेव्हाच असते. एक दिवस वर जतिलुविहला, दुसरा त्याच पाण्यावरच्या सगळ्यात खालच्या सुबकात काढावा. सुबकच्या बैठकीला, म्हणजे सांगकेपला, बसता येईल का हे आधी पत्र पाठवून विचारावे. आणि शिष्टमंडळात सचिव, मुख्य अभियंता यांच्याबरोबर दोन जागा पाटकऱ्यांसाठी राखाव्यात, एक हेडचा, एक टेलचा.

कळावे,

आपले,
पाटपाण्याच्या कामातले काहीजण