महाराणी जिंद कौर यांच्या गोदाकाठच्या समाधीसाठी नाशिककरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

शीख राज्याच्या शेवटच्या राजमाता, महाराजा रणजित सिंग यांच्या पत्नी महाराणी जिंद कौर यांच्यावर अग्निसंस्कार झाले ते आपल्या नाशिकात, १८६४ साली. पुढे पंचवटीत, गोदावरीच्या डाव्या तीरावर, त्यांची लहानशी समाधी बांधली गेली. रामकुंडावर रोज येणाऱ्या हजारो लोकांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते. या समाधीचा इतिहास कागद, छायाचित्रे आणि आठवणींच्या रूपात एकत्र करण्याचे काम आमच्या मंडळाने हाती घेतले आहे. यातला मोठा भाग सरकारी दप्तरात नाही, नाशिककरांच्या घरांत आहे. म्हणून ही विनंती.

लाहोरची राणी गोदाकाठी कशी आली, हे थोडे सांगायला हवे. रणजित सिंग १८३९ मध्ये वारले. पुढच्या चार वर्षांत गादीवर एकामागून एक वारस आले आणि गेले. १८४३ मध्ये पाच वर्षांचा दलीप सिंग गादीवर बसला आणि आई जिंद कौर त्याच्या नावाने कारभार पाहू लागली. डिसेंबर १८४५ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटले. मुदकी, फिरोजशहा, अलीवाल आणि १० फेब्रुवारी १८४६ ला सोबराव या ठिकाणी लढाया झाल्या. शीख तोफखान्याने फिरोजशहाला इंग्रजांना पराभवाच्या उंबरठ्यावर नेले होते, पण स्वतःचेच सेनापती फितले असतील तर गोलंदाज तरी काय करणार? हरल्यावर इंग्रजांनी आधी राणीचा अधिकार काढला, मग तिला नऊ वर्षांच्या मुलापासून तोडले. शेखुपुरा, बनारस, चुनारचा किल्ला अशी तिची कैद फिरत राहिली. एप्रिल १८४९ मध्ये ती वेष पालटून चुनारहून निसटली आणि नेपाळात पोहोचली. तोवर दुसरे युद्धही संपले होते आणि २९ मार्च १८४९ ला पंजाब खालसा झाला होता. या दुसऱ्या युद्धात मुलतानच्या वेढ्यात मुंबई इलाख्याच्या पलटणीही लढल्या, म्हणजे आपल्याकडचे शिपाईही त्या रणात होते.

मायलेकरांची भेट झाली ती थेट १८६१ मध्ये, कलकत्त्यात. मुलाबरोबर राणी विलायतेला गेली आणि १ ऑगस्ट १८६३ ला लंडनमध्ये वारली. तिकडे तेव्हा दहनाला परवानगी नव्हती. दलीप सिंग स्वतः ख्रिस्ती झाले होते, तरी आईचे संस्कार तिच्या धर्माप्रमाणे व्हावेत म्हणून त्यांनी पार्थिव भारतात आणले. पंजाबात मात्र सरकारने त्यांना पाऊल टाकू दिले नाही. म्हणून नाशिक. रणजित सिंगांनी नांदेडचा सचखंड गुरुद्वारा बांधवला तोही याच गोदावरीच्या काठी.

समाधीची देखभाल पुढे पंजाबातल्या कपूरथळा संस्थानाने केली. १९२४ मध्ये राणीची नात राजकन्या बंबा यांनी अस्थी लाहोरला नेल्या आणि रणजित सिंगांच्या समाधीत ठेवल्या. त्यानंतर नाशिकची जागा लोकांच्या बोलण्यातूनही हळूहळू गेली.

या युद्धांनंतर शीख राज्याची दौलत जगभर पांगली. रणजित सिंगांचे सोन्याचे सिंहासन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, जिथून वाघनखे साताऱ्याला आली तिथेच. कोहिनूर इंग्लंडच्या राजघराण्याकडे गेला. जिंद कौर यांचा पाचू-मोत्यांचा हार २०१८ मध्ये लंडनच्या लिलावात १,८७,००० पौंडांना विकला गेला. तो घेणे आपल्याला शक्य नव्हते. पण आपल्या घाटाची आठवण जपायला लिलावात उतरावे लागत नाही, आणि तीही आपण घालवली तर दोष दुसऱ्या कुणाला देता येणार नाही.

आम्हाला सर्वांत जास्त गरज आहे ती तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वह्यांची. १८६४ च्या सुमाराच्या नोंदींत लाहोर, दलीप सिंग किंवा कपूरथळा असा उल्लेख असेल, तर गुरुजींनी कृपया कळवावे. वही घराबाहेर न्यावी लागणार नाही. तुमच्यासमोर, तुमच्याच ओटीवर आम्ही पानाचे छायाचित्र घेऊ. यजमानांच्या इतर नोंदींना हात लावणार नाही.

१९६० पूर्वीची घाटाची छायाचित्रे, काचेच्या निगेटिव्ह, पोस्टकार्डे, कपूरथळा संस्थानाशी झालेला पत्रव्यवहार, जुन्या पावत्या यांचेही मोल आहे. गोदाकाठी कपूरथळ्याचे राजे रणधीर सिंग यांचेही स्मारक आहे. ते १८७० मध्ये विलायतेच्या वाटेवर एडनजवळ वारले. त्यामुळे छायाचित्र देताना ते कोणत्या बाजूचे, कुठून काढलेले, हे आठवत असेल तर सोबत सांगा. पंचवटीत वाढलेल्या आजी-आजोबांनी समाधीबद्दल काही ऐकले असेल, तर आमचे कार्यकर्ते घरी येऊन ते ध्वनिमुद्रित करतील.

कागद पुरात भिजलेले असतील तर उन्हात वाळवू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. आहेत तसे दाखवा. वाडा पाडायला काढला असेल तर माळ्यावरची पेटी रद्दीत जाण्याआधी एकदा आम्हाला बोलवा. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट परिसरात कामे होत आहेत, म्हणून घाई आहे.

मोडी, गुरुमुखी आणि फारसी वाचणारे स्वयंसेवक हवे आहेत. गुरुद्वाऱ्यांशी जोडलेल्या बांधवांनी गुरुमुखीसाठी पुढे यावे, ही खास विनंती. पैसा लागणार आहे तो स्कॅनर, आम्लविरहित कागदाच्या पेट्या, मुंबईच्या पुराभिलेखागारातून घ्यायच्या प्रती आणि महापालिकेची परवानगी मिळाल्यावर घाटावर लावायच्या मराठी, गुरुमुखी व हिंदी फलकासाठी. रक्कम कितीही चालेल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला मंडळाच्या फळ्यावर लावला जाईल. ज्यांना पैसे देणे जमणार नाही त्यांनी रविवारची सकाळ द्यावी. कार्यालयात नोंदणीचे काम तेव्हाच चालते.

आपले,
इतिहास मंडळाचे कार्यकर्ते, पंचवटी, नाशिक