निरंकची नोंद

न्यू हॅम्पशायर, अमेरिका
१४ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या खेपेस फोनवर तुम्ही विचारलेत, की मी जंगलात जाऊन नेमके काय करते. तेव्हा घाईत नीट सांगता आले नाही, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

हबर्ड ब्रूकचे हे प्रायोगिक वन अमेरिकेच्या वनखात्याने १९५५ साली राखून ठेवले. त्यात लहान लहान ओढ्यांची पाणलोट क्षेत्रे आहेत, आणि खालचा खडक पाणी फारसे मुरू देत नसल्यामुळे पडलेला पाऊस एक तर झाडांवाटे हवेत परततो, नाही तर ओढ्याच्या तोंडाशी येतो. त्या तोंडाशी बांधाला व्ही-नॉच, म्हणजे प्रवाह मोजायची 'व्ही' आकाराची खाच, बसवलेली आहे. धरणाची गळती मोजायला आपल्याकडे असते तशीच, फक्त आकाराने मोठी. खाचेवरची उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून अधिक होतो, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून कडेला अडकलेले पान किंवा बर्फाची पापडी काढल्याशिवाय मी आकडा वाचत नाही.

पाण्याचा नमुना मात्र बांधाच्या वरच्या बाजूने घ्यायचा, कारण सिमेंटचे कॅल्शियम पाण्यात उतरले तर सगळी नोंद वाया जाते. बाटली ओढ्याच्याच पाण्याने विसळायची आणि झाकणाच्या आत बोट लागू द्यायचे नाही. जानेवारीत एका सोमवारी बर्फाच्या वादळामुळे मला वर पोहोचता आले नाही. नमुना मंगळवारी घेतला आणि वहीत मंगळवारच लिहिला. तो दिवस अजून मनाला लागून आहे, कारण इथे १९६३ पासून दर आठवड्याला नमुने घेतले जात आहेत.

त्या पहिल्या वर्षांतच पावसाचे पाणी विलक्षण आम्ल निघाले. स्वच्छ पावसाचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितके पाणी आम्ल) ५.६ च्या आसपास असतो, इथला ४ च्या जवळ होता, म्हणजे आम्लता कित्येक पटींनी जास्त. दूरच्या कारखान्यांचा आणि वीजकेंद्रांचा धूर या निर्मनुष्य डोंगरावर उतरत होता. एका वर्षाच्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवला नसता. वर्षानुवर्षांच्या अखंड नोंदींमुळे तो ठेवावा लागला, आणि १९९० साली अमेरिकेच्या हवा-शुद्धतेच्या कायद्यात ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांमागे या नोंदींचाही आधार होता. आता पाऊस बराच सुधारला आहे, पण ओढा त्या वेगाने सुधारलेला नाही, कारण आम्लाने मातीतले कॅल्शियम धुऊन नेले. ते परत मिळाल्यास काय होते हे पाहण्यासाठी १९९९ मध्ये एका पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून कॅल्शियमयुक्त खनिज पसरले, आणि तिथली शुगर मॅपलची झाडे पुढे सावरली. माझ्या मते इथले सगळ्यात मोलाचे काम हेच आहे.

सध्या बर्फ वितळतो आहे, त्यामुळे ओढे भरून वाहतात. इथे वर्षाला सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस आणि बर्फ मिळून पडतो, तोही बारा महिन्यांत वाटलेला. कोयनानगरचे पाच हजार मिलिमीटर चार महिन्यांत कोसळतात असे सांगितले, तेव्हा सोबतच्या मुलांना ते पटेना. मग मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितले. सकाळी साडेआठच्या ठोक्याला पर्जन्यमापकापाशी जाणारे तुम्ही, आणि पाऊस नसेल त्या दिवशीही रकाना रिकामा न ठेवता स्वच्छ अक्षरात लिहिलेले 'निरंक'. रिकाम्या रकान्यावरून पाऊस पडला नाही की कोणी मोजला नाही हे कळत नाही, असे तुम्ही मला सातवीत असताना समजावले होते. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला हीच गोष्ट शिकवली गेली.

म्हणून एक विनंती आहे. खात्याला दिलेल्या नोंदींची नक्कल तुम्ही ज्या वह्यांत ठेवत होतात, त्या माळ्यावरच्या ट्रंकेत असतील. आईने आवराआवर काढली तरी त्या रद्दीत जाऊ देऊ नका. दिवाळीत मी येईन, तेव्हा आपण दोघे बसून पानापानाचे फोटो काढू. ज्या पानांवरची शाई उडाली असेल, ती तुम्हीच वाचून सांगायला हवीत.

आईस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची,
मुग्धा