मूर्तिजापूरची नॅरोगेज जागेवरच जपा

संपादक महोदय,

शकुंतला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद रुळांची (नॅरोगेज) रेल्वे, रुंद रुळांची (ब्रॉडगेज) कधी होणार, याकडे सारे वऱ्हाड डोळे लावून बसले आहे. ती व्हायलाच हवी. अचलपूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा या गावांना रेल्वेची गरज आहे, यात दुमत नाही. मात्र काम हाती घेण्यापूर्वी मूर्तिजापूर जंक्शनवर नॅरोगेजचे जे काही उरले आहे ते राखून ठेवावे, एवढ्यासाठी हे पत्र.

नुकतेच एका रविवारी आम्ही घरची मंडळी अमरावतीहून मुद्दाम मूर्तिजापूरला जाऊन आलो. एका बाजूने मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या धडधडत जातात आणि पलीकडे अडीच फुटी रूळ गवतात बुडालेले. सांधा बदलायची दांडी गंजून जागीच घट्ट बसली आहे. माझ्या मुलीला तर एवढ्याशा रुळांवरून खरी गाडी धावायची हेच पटेना. फलाटावर भेटलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्याशी बराच वेळ बोलत बसले. स्टेशनांवर माणूस नसायचा, तिकीट गार्डच फाडायचा, वाटेतले फाटकही गाडी थांबवून तिच्यावरचीच माणसे लावायची, हे सगळे त्यांनी हातवारे करून दाखवले. अशी माणसे आहेत तोवर त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवायला हव्यात.

किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, ती वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरापर्यंत नेण्यासाठी. पुढे तो मँचेस्टरच्या गिरण्यांत जाई. त्याच मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत शकुंतलेला ओढत होते. देशभरातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. गाडी चालवायची मध्य रेल्वेने आणि मोबदला घ्यायचा कंपनीने! आपल्या कापूसपट्ट्याचा एवढा इतिहास ज्या रुळांशी जोडलेला आहे, ते भंगारात काढणे मनाला पटत नाही.

नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज संग्रहालय आहे आणि ते चांगले आहे. पण इथले सामान उचलून तिकडे नेऊ नये. मोठी लाइन आणि छोटी लाइन शेजारी-शेजारी, गाडी बदलायला धावणारे प्रवासी, मालाची चढउतार हे सारे मूर्तिजापुरात उभे राहिल्याशिवाय डोळ्यांसमोर येत नाही.

मागणी अवास्तव नाही. नॅरोगेजचा फलाट, इंजिनांची लोको शेड, जुने सिग्नल, उरलेले डबे आणि शे-दोनशे मीटर रूळ जागेवर ठेवावेत. माहितीचे फलक मराठीत लावावेत. ब्रॉडगेजच्या अंदाजपत्रकातच या खर्चाची तरतूद व्हावी, यासाठी अकोला, अमरावती आणि यवतमाळ या तिन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी आताच रेल्वे मंत्रालयाकडे पाठपुरावा करावा.

– एक वाचक, अमरावती